गाडी घ्यायच्या आधी वाजवून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या पुरवणीत परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या खर्चावर लेख आला होता. फी, घरभाडं, जेवणखाण, विमानाचं तिकीट, सगळं त्यात होतं. गाडी नव्हती. लेख लिहिणाऱ्याची त्यात चूक नाही, कारण गाडीची गोष्ट मुलं घरी सांगतच नाहीत. माझ्याकडे मात्र ती गाडीच येते. मी मूळची कोल्हापूरची. गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये, कोव्हेंट्रीतल्या एका लहान गॅरेजात एमओटी तपासनीस म्हणून काम करते. एमओटी म्हणजे इथली सक्तीची तपासणी, गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी करून घ्यावी लागते. इथे विद्यार्थी खूप, त्यात आपली मुलंही बरीच. माझ्या बोलण्यावरून ओळखतात आणि मग "ताई, जरा बघता का?" म्हणून गाडी घेऊन येतात. बहुतेकांची ती आयुष्यातली पहिली गाडी असते, आणि अलीकडे तिच्यात जुन्या जपानी स्पोर्ट्स कार बऱ्याच दिसतात. अडचण एवढीच की पैसे देऊन झाल्यावर येतात. पहिली गाडी घ्यायच्या आधी एकही आलेलं नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

अशी गाडी घेऊ नका असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी स्वतःची १९९७ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे. दोन माणसांची, उघडायच्या टपाची, वजन टनाच्या आसपास, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. हिरोशिमात बनलेली ही गाडी १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा जगापुढे आली आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. उघडायच्या टपाच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढी खपलेली दुसरी गाडी नाही. म्हणूनच जुनी मिळते, सुटे भाग मिळतात, आणि दोन-तीन हजार पौंडांत विद्यार्थ्याच्याही आवाक्यात येते. आपल्याकडे एवढ्या पैशांत असली गाडी स्वप्नातसुद्धा येणार नाही. पोरांना मोह पडतो त्यात नवल नाही, मलाही पडला होता.

आता गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट सांगते. नाशिकचा एक मुलगा, वय तेवीस, एमएस्सी करणारा. २००२ सालची निळी एमएक्स-५ घेऊन आला. वळताना पुढून कट्-कट् असा आवाज येतो, एवढीच तक्रार. तीन हजार दोनशे पौंड दिले होते, म्हणजे साडेतीन लाखांहून जास्त रुपये, त्यातले निम्मे आईने सोसायटीतून उचलून पाठवलेले. रंग आरशासारखा. सीट स्वच्छ. एमओटी पाच आठवड्यांपूर्वी पास झालेली, आमच्याकडे नव्हे, दुसरीकडे. पोरगं गाडीभोवती फिरून एकेक गोष्ट दाखवत होतं.

गाडी रॅम्पवर चढवली. खाली बघते तर सगळं काळंभोर, ताज्या डांबरासारखं अंडरसील, म्हणजे गंज धरू नये म्हणून खालून लावायचा लेप, फासलेलं. वीस वर्षांची गाडी खालून इतकी नवी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. पुढे खाली प्लास्टिकचं मोठं झाकण असतं. एमओटीत आम्हाला झाकणं काढायची नसतात, दिसेल तेवढंच तपासायचं असतं. पण हे एमओटीचं काम नव्हतं. दहाचा पाना घेतला, बोल्ट सोडले, झाकण उतरवलं. आत दोन्ही बाजूंना चासीचे दोन लांब चौकोनी दांडे पुढे जातात, त्यांच्यावरच पुढचा सगळा भार असतो. त्यावरही तेच काळं.

इथे मला वडिलांबद्दल सांगायला हवं. आण्णांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. फाउंड्रीतून कास्टिंग आली की ते मशीनवर चढवायच्या आधी प्रत्येक जॉब दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवायचे. चांगला जॉब देवळातल्या घंटेसारखा वाजतो आणि नाद थोडा वेळ रेंगाळतो. आत चीर असली की आवाज भद्द येतो आणि तिथल्या तिथे मरतो. शाळेतून आले की माझ्या हातात हातोडी देऊन म्हणायचे, "वाजवून घे आणि मगच सही कर." चलनावर सही केली की माल आपला, मग फाउंड्रीवाला ऐकून घेत नसे.

एमओटीवाल्यांकडे गंज बघायला एक छोटं हत्यार असतं, ठोकायला आणि खरवडायला. त्याने मी डावीकडचा दांडा मागून पुढे वाजवत आले. टण, टण, टण, आणि मग पुढच्या चाकाच्या जरा अलीकडे, भद्द. उजवीकडेही तसंच. पोरगं माझ्या शेजारी उभं होतं. मी काही बोलायच्या आधीच त्याने विचारलं, "ताई, आवाज बदलला का?" मी जरा खरवडलं तर काळ्या लेपासकट बिस्किटाएवढी खपली माझ्या हातात आली. पत्र्याचे थर खारीसारखे सुटलेले. भोकातून बॅटरीचा उजेड मारला तर आत तांबडी भुकटी. पुढून येणारा तो कट्-कट् आवाज वेगळ्याच कारणाचा निघाला, सस्पेन्शनचं एक झिजलेलं बुश, साठ पौंडांचं काम. पण ते कुणासाठी करायचं? दोन्ही बाजूंना पत्रा कापून नवा जोडायला वेल्डरने चौदाशे पौंड सांगितले, तेही आणखी काही निघालं नाही तर.

तो माझ्या गॅरेजच्या पायरीवर बसून राहिला. विकणाऱ्याला फोन लावला, तो लागला नाही. खाजगी माणसाकडून गाडी घेतली होती, त्यामुळे दाद मागायची वाटही अरुंद. व्यापाऱ्याकडून घेतली असती तर २०१५ च्या ग्राहक कायद्यात मोठा दोष निघाल्यास तीस दिवसांच्या आत गाडी परत करून पैसे मागायचा हक्क आहे. हा फरक मुलांना माहीत नसतो. शेपाचशे पौंड वाचतात म्हणून खाजगी व्यवहार करतात.

आपल्याकडे जुनी गाडी बघायची एक रीत आहे. मीटर बघायचा, बोनेट उघडून इंजिन ऐकायचं, सायलेन्सरमागे हात धरून धूर बघायचा, दार लावून आवाज ऐकायचा. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यायचा. ही रीत कोल्हापुरात, पुण्यात, नाशकात चालते, कारण तिथे गाड्या इंजिनाने थकतात. इथे गाड्या पत्र्याने मरतात. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, चेशर परगण्यातल्या विन्सफर्डच्या खाणीतलं खडेमीठ, आणि ते रोज चाकांवरून उडून गाडीच्या पोटात जातं. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला हे लगेच पटेल. खाऱ्या वाऱ्यात घराचं लोखंडी गेट किती वर्षं टिकतं ते त्याला सांगावं लागत नाही. तसा वारा इथे खालून वर येतो.

जपानी इंजिनं मात्र खरोखर चिवट. एमएक्स-५ चं इंजिन तेल-पाणी वेळेवर दिलं तर दीड लाख मैल सहज जातं. म्हणून विकणारा नेहमी इंजिनच ऐकवतो. तुम्ही तिथेच गुंतावं अशी त्याची इच्छा असते.

एमएक्स-५ च्या पिढ्या चार, आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं. १९८९ ते ९७ ची पहिली, मिटणाऱ्या-उघडणाऱ्या हेडलाइटची. तिचे दाराखालचे उंबरे, इथे त्यांना सिल म्हणतात, मागच्या चाकाजवळ सडतात. कारण बाहेर नसतं, आत असतं. कापडी टपावरचं पावसाचं पाणी सीटच्या मागे एका पन्हाळीत उतरतं आणि तिथून नळीने गाडीखाली जातं. नळीत पाला अडकला की पाणी उंबऱ्यात साठतं आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरचा रंग शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो.

याची परीक्षा करायला रॅम्प लागत नाही. अर्धा लिटरची पाण्याची बाटली न्या. टप अर्धा उघडा, सीटच्या मागे कोपऱ्यात ती पन्हाळ हाताला लागते, तिच्यात हळूहळू पाणी ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली वाकून बघायला सांगा. मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली, धार पडली पाहिजे. दोन्ही बाजूंना करा. धार पडली तर निम्मी काळजी मिटली. पाणी आत गडप झालं, किंवा ओतल्यावर बऱ्याच वेळाने तांबूस थेंब पडायला लागले, तर विकणाऱ्याला नमस्कार करून घरी या. विकणारा पाणी ओतू देईना, तरीही घरी या. मी माझी गाडी घेताना हे केलं होतं. म्हातारे गृहस्थ होते, त्यांनीच किटली भरून आणून दिली आणि स्वतः गुडघ्यावर बसून धार दाखवली. त्या माणसाशी मी भाव केला नाही.

१९९८ ते २००५ च्या दुसऱ्या पिढीत उंबरे आहेतच, शिवाय नाशिकच्या मुलाच्या गाडीचे ते पुढचे दांडे. झाकण काढल्याशिवाय त्यांचं काहीही कळत नाही. म्हणून ही गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय, झाकण उतरवल्याशिवाय घेऊच नये, मग ती कितीही स्वस्त असो. कोणत्याही गॅरेजात तासाभराची मजुरी देऊन बघून मिळते. २००५ नंतरची तिसरी पिढी जरा महाग, पण पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तीच सुचवते. टायमिंग बेल्टऐवजी, म्हणजे इंजिनातल्या ठरावीक मैलांनी बदलाव्या लागणाऱ्या पट्ट्याऐवजी, चेन आहे, आणि गंज मागच्या चाकांच्या कमानीवर दिसेल अशा जागी येतो. त्या कमानीवर फ्रिजवरचं साधं लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. २०१५ नंतरची चौथी पिढी विद्यार्थ्याच्या आवाक्यात येत नाही, तिचं सोडून देऊ.

आता कागद. गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिच्या जुन्या एमओटींचा इतिहास फुकट समोर येतो, प्रत्येक वेळचे मैल आणि तपासनिसाच्या सूचना. मी मुलांना सांगते, गाडी बघायला जायच्या आधी हे अर्धा तास वाचा. मैल वर्षावर्षाला वाढत गेलेत का, की मध्येच खाली आलेत? आणि सूचनांची साखळी बघा. नाशिकच्या मुलाच्या गाडीवर २०१८ साली "खाली गंज" असं होतं, २०१९ ला "गंज वाढलेला", त्याच्या पुढच्या वर्षी "खालचा भाग अंडरसीलने झाकलेला, तपासता येत नाही". पुढे त्यावर एक अक्षर नाही. वेल्डिंग केल्याची पावती कुठेच नव्हती. म्हणजे गंज गेला नव्हता, झाकला गेला होता. ही गोष्ट त्याला घरी बसून, एक पैसा न देता कळली असती. मी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा त्याने ते तीनदा वाचलं.

नोंदणीच्या कागदावर, इथे त्याला लॉगबुक म्हणतात, ज्याचं नाव असतं तो मालक असेलच असं नाही. तसं त्या कागदावरच छापलेलं असतं. गाडी हप्त्यावर घेतलेली असेल तर हप्ते फिटेपर्यंत ती वित्तकंपनीची. थोडे पैसे भरून थकबाकी, चोरी आणि अपघाताची नोंद तपासता येते, ते पैसे वाचवू नका. विमा कंपनीने एकदा मोडीत काढलेल्या गाडीवर शेरा असतो, २०१७ पासून सांगाड्याला इजा असेल तर 'एस' आणि नसेल तर 'एन'. 'एस' शेऱ्याची गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि गाडीचा रोड टॅक्स आता विक्रीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. घरी चालवत आणायच्या आधी आपल्या नावाने भरावा लागतो.

जपानहून थेट आणलेल्या गाड्याही इथे पुष्कळ मिळतात, कारण दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे. पहिल्या पिढीच्या अशा गाड्यांवर माझ्दाऐवजी 'युनॉस रोडस्टर' लिहिलेलं असतं. त्यांच्याबरोबर लिलावाचा कागद मिळाला तर तो जपून वाचा. गाडीचं चित्र असतं आणि त्यावर खुणा, ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एस म्हणजे गंज. वर दर्जा असतो, ४ किंवा ४.५ असेल तर बरी. आकड्याच्या जागी आर असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली. जपानातून आली म्हणजे गंज नाही असं धरून चालू नका, होक्काइदोच्या बर्फाळ रस्त्यांवरही मीठ पडतं.

इंजिनाचं थोडक्यात. थंड इंजिनावरच गाडी सुरू करून बघा. पोचल्याबरोबर बोनेटला हात लावा, कोमट असेल तर विचारा का. पहिल्या पिढीत सुरुवातीला टॅपेटचा टिकटिक आवाज येतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत जातो, त्याला घाबरू नका. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो, पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरून भाव करा.

टायरवर मात्र मी थांबणार. गोटी शिल्लक आहे एवढंच बघू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. कमी वापरलेल्या स्पोर्ट्स कारवर दहा-बारा वर्षांचे, दिसायला नवे आणि लाकडासारखे कडक झालेले टायर मी कितीदा बघितलेत. मागच्या चाकांना जोर असलेल्या, आणि बहुतेक वेळा घसरण सावरणारी यंत्रणा नसलेल्या या जुन्या गाडीला ओल्या गोल चौकात असे टायर एका क्षणात फिरवतात. आपली मुलं पुढच्या चाकांना जोर असलेल्या गाड्या चालवून आलेली असतात, त्यांच्या हाताला ते वळण नसतं. चार चांगले टायर घालायला तीनेकशे पौंड बाजूला ठेवा.

बाकीच्या गाड्यांबद्दल विचारतात म्हणून लिहिते. माझ्दाची आरएक्स-८ दिसायला देखणी, चार माणसं बसतात आणि फार स्वस्त मिळते. ती घेऊ नका. तिचं रोटरी इंजिन पिस्टनचं नाही, त्याची सीलं झिजली की गरम झाल्यावर सुरू व्हायला कुरकुर करतं आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीवर जाते. त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला वेगळं यंत्र लागतं, साध्या गॅरेजात ते नसतं. टोयोटाची एमआर२ रोडस्टर छान गाडी, पण सुरुवातीच्या इंजिनांची तेल पिण्याची तक्रार जुनी आहे, तेलाची कांडी काढून बघितल्याशिवाय बोलणं करू नका. होंडाची एस२००० ही मला सगळ्यात आवडणारी, पण तिच्या किमती आता पहिल्या गाडीच्या राहिलेल्या नाहीत. आणि कोणाचीही असो, खाली बसवलेली, मोठा सायलेन्सर लावलेली, फेरफार केलेली गाडी टाळा. एकेक फेरफार विम्याला कळवावा लागतो. नाही कळवला तर अपघाताच्या दिवशी विमा हात वर करू शकतो.

विम्यावरून आठवलं. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. बदलून मिळत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला, भारतीय लायसन्सवर, दोन सीटच्या गाडीचा विमा किती पडतो ते गाडी बघायला जायच्या आधी विचारा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा वर्षाचा विमा गाडीच्या किमतीएवढा निघाला आणि गाडी चार महिने घरासमोर उभी राहिली. विम्याशिवाय पकडलं तर तीनशे पौंड दंड आणि सहा गुण, ते लायसन्सच्या नोंदीवर बसतात.

आईवडिलांनाही एक सांगते. मुलाने गाडीसाठी पैसे मागितले तर रागावू नका, कारण मग तो तुम्हाला न सांगता घेईल. पैसे द्या, पण दोन गोष्टी मागा: गाडीचा नंबर, आणि खालून काढलेले चार फोटो. नंबरावरून एमओटीचा इतिहास कोल्हापुरात बसूनही वाचता येतो. आणि शिक्षण संपल्यावर ही गाडी जहाजाने घरी आणू, असा बेत कोणी करत असेल तर तो सोडा, एवढी जुनी गाडी भारतात आणू देत नाहीत.

नाशिकच्या मुलाची गाडी शेवटी सुट्या भागांसाठी नऊशे पौंडांना गेली. गेल्या मार्चमध्ये तो पुन्हा आला, २००७ सालची लाल गाडी बघायची होती, पैसे अजून दिले नव्हते. विकणाऱ्या बाईंना घेऊनच आला. मी गाडी वर चढवली आणि हत्यार त्याच्याच हातात दिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवत गेला, मध्ये एकदा थांबला, परत मागे आला, तीच जागा पुन्हा वाजवली. मग मान हलवली. ती गाडी त्याने घेतली.

शनिवारी दुपारी एकनंतर आमचा रॅम्प मोकळा असतो. मालकांची परवानगी मी काढलेली आहे. कोव्हेंट्रीच्या आसपास कोणा वाचकाचं मूल पहिली गाडी घेत असेल तर पैसे द्यायच्या आधी घेऊन यावं. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, विचारणाऱ्याला कळवावा ही विनंती.

आपली,
एक कोल्हापूरकर वाचक, कोव्हेंट्री